गरम आवाजाचं मशीन

आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रकं आली. मोर्च्यांची, सभांची, जलशांची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते खिशात घडी घालून पत्रकं आणायचे आणि मी ती जमिनीवर पसरून अक्षरं जुळवायचो. त्यामुळं पुढं कितीतरी वर्षं माझं वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपायचंच नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दादांची नांदेडहून नव्या कचेरीत बदली झाली. पाठोपाठ दुष्काळ आला. टँकर आमच्या वस्तीच्या अलीकडंच रिकामा होतो, यावर मी पत्रकं लिहीत होतो. त्याच उन्हाळ्यात दादांचा गळा गेला. नोकरी सांभाळून गावोगाव गाण्यांचे जलसे करणारा माणूस. घशाचं ऑपरेशन झालं आणि मागं उरली एक फुटकी कुजबुज. डॉक्टरांनी सांगितलं, आता एवढंच.

त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट होती. उमरीच्या जलशात कुणीतरी समोर बसून भरलेली. ती आम्ही घरच्या टेपवर लावली. अर्धं गाणं झालं आणि दादांनी मान हलवली.

"हा मी न्हाई."

"अवो, तुमीच की," माय म्हणाली.

"मी असा पत्रा वाजवल्यावानी गात असतो तर लोक बसले असते व्हय?"

माय हसली. मला हसू आलं नाही. गळा गेला हे त्यांनी सोसलं होतं. पण आपण कधी गातच नव्हतो असं त्यांना वाटायला लागलं, तर त्यांच्यापाशी राहणार काय? मी विचारलं, "दादा, आवाज कसा पाहिजे?"

"थंडा हाय. गरम पाहिजे."

मी नांदेडची एसटी धरली. तिथं जुन्या ओळखीचे एक म्हातारे चाचा जुने रेडिओ आणि सभांची मशीनं दुरुस्त करायचे. अ‍ॅम्प्लिफायरला ते नुसतं मशीन म्हणायचे. मी त्यांना ठणकावून सांगितलं, "चाचा, आवाज गरम पाहिजे. एकदम कडक. शेवटच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला पाहिजे."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "घर में कितनी रांगा हाय, बेटा?"

पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. स्पीकरच्या दोन पेट्या आणि एक दणकट ट्रान्झिस्टरचं मशीन घेऊन आलो. मित्रांनी वाटेतच पकडलं. "पाण्याच्या मोर्चातला माणूस आता ट्रेबल शोधून राहिला!" मी त्यांना जनतेच्या आवाजावर भाषण दिलं.

घरी मशीन लावलं आणि शेजारच्या दोन घरांची दारं उघडली. गाण्यातला प्रत्येक स, प्रत्येक श कानात टोचत होता. दादा भिंतीकडं तोंड करून बसले.

"हा कोण वरडून राहिला?"

"तुम्हीच म्हणाला ना, गरम पाहिजे?"

त्यांनी बराच वेळ श्वास जमवला आणि मग ते म्हणाले, "तू हलगी शेकून आणली, बाळा."

हलगी आगीवर शेकली की तिचं कातडं ताणतं आणि ती कडाडते. माझ्या डोक्यातलं गरम ते हेच. पण धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं गावकीची, गावासाठी सक्तीनं वाजवायची हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. दादांच्या जलशात हलगी नव्हती, ढोलकी होती. त्यांचं गरम म्हणजे ढोलकीचा धुम. डाव्या हाताखाली जो घुमतो आणि ऐकणाऱ्याच्या छातीत उतरतो तो. गावकीविरुद्ध पानंच्या पानं लिहिणाऱ्या मला हे बापाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. मशीन माझ्या मांडीवर, कॅसेट दादांच्या सदऱ्याच्या खिशात. अहमदपूर गेलं, लोहा गेलं.

दुकानात चाचांनी मशीनला हातही लावला नाही. "ये खराब न्हाई. ताकत बराबर हाय. याच्या आधी काय लावायचं ते बघू." मग त्यांनी समजावून सांगितलं. टेपमधून आवाज निघतो तो अगदी बारीक असतो. त्याला आधी सांभाळून थोडा मोठा करायचा, मग मशीनच्या हवाली करायचा. हे आधीचं काम करणारा डबा म्हणजे प्रीअँप. माझ्या मशीनच्या पोटातला प्रीअँप भोंग्याच्या कामाचा होता. त्यानं गाण्याची सगळी टोकं तासून, धारदार करून पुढं पाठवली होती. चाचांनी जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या व्हॉल्व्हचा एक डबा काढला, मशीनच्या आधी जोडला आणि आम्हाला चहा मागवला.

"चालू करा की, चाचा."

"काच तापू दे. पत्रक न्हाई हाय हे, लगेच वाटायला."

व्हॉल्व्हच्या काचेत बारीक लाल उजेड आला. चाचांनी ट्रेबल, म्हणजे टोचणारा वरचा आवाज उतरवला, बास, म्हणजे घुमणारा खालचा आवाज जरासाच वाढवला आणि कॅसेट लावली. आवाज मोठा नव्हता. पहिल्यांदा ढोलकी आली, गोल आणि भरलेली. मग गाणं. दुकानातल्या दोन पेट्यांच्या मधोमध, जिथं कुणीच नव्हतं, तिथं एक माणूस उभा राहून गाऊ लागला. टोचणारे स आणि श आता शब्दांत मिसळून गेले होते आणि शब्दांच्या मधल्या जागा ऐकू येत होत्या.

दादा ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. दुसरं कडवं संपता संपता त्यांनी एकदम हात वर केला. चाचांनी टेप थांबवला.

"मागं घ्या."

चाचांनी मागं घेतलं. लांब ओळीच्या मध्यावर, लोकांच्या टाळ्यांच्या आडोशानं, गाणाऱ्यानं चटकन एक श्वास घेतला होता. तिथं घ्यायचा नव्हता.

"इथं दम चोरला," दादा म्हणाले. "रोज चोरायचो. कुणाला कळलं न्हाई."

चाचा पुढं झुकले. "मग भाई, ये आपच हाय ना?"

"मीच," दादा म्हणाले. "दुसरा कुणी असता तर त्यानं ओळ एका दमात पुरी केली असती."