लॅमिनेशन केलेले बारा शब्द

फेब्रुवारीतला सोमवार, सकाळचे साडेदहा. पोलीस ठाण्यातल्या माझ्या खोलीत हजर: मी, लेखनिक हवालदार, सायबर शाखेची एक महिला अंमलदार, तक्रारदार बाई, तिची सासू आणि तिचा दीर. बाईचा नवरा बाहेरच्या बाकावर होता. दोनदा बोलावूनही आत आला नाही. नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. या एकाचे तसे झालेले नाही.

बाई सोनाळ्याची, शेतकरी घरातली सून, वय पस्तिशीच्या आसपास. कशिद्याच्या मशीनला लागणारी डिझाईन ती घरी संगणकावर तयार करी आणि परदेशातल्या तीन-चार दुकानदारांना विकी. ते लोक तिला डिजिटल नाण्यांत पैसे देत. बँकेतून रक्कम यायला आठवडा लागे आणि लहान रकमेतला बराच भाग कमिशनमध्ये जाई. नाणी दहा मिनिटांत येत. हे नाणे डॉलरच्या भावाला बांधलेले होते, त्यामुळे रोज वरखाली होण्याची भीती नव्हती. दोन वर्षे तिने ती मोबाइलमधल्या पाकिटात, म्हणजे एका ॲपमध्ये, साठवली. तिला स्वतःचे कशिद्याचे मशीन घ्यायचे होते. शनिवारी पाकीट उघडले, तर रिकामे.

दिराचे म्हणणे होते की पैसा मुळात नव्हताच, आणि असलाच तर माहेरी गेला. सासूने त्यात भर घातली.

"दिसत नाई, वाजत नाई, अन् म्हने चोरी झाली. मंग चोरानं नेलं तरी काय?"

बाई रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "मशीन नाई आलं तरी चालन, साहेब. पन मी खोटी नाई, एवढं यायच्यासमोर लिहून द्या."

तपासाच्या पहिल्या दिवशी मी नेहमी कामांची यादी करतो. त्या यादीत माझा पहिला मुद्दा होता: बाईला हे पैसे खरोखर कशाचे मिळतात? आज ते लिहिताना बरे वाटत नाही. अशा नाण्यांतला पैसा म्हणजे काहीतरी भानगड, असे मी धरूनच चाललो होतो. दोन दिवस आम्ही तिचे गिऱ्हाइकांशी झालेले ईमेल, पाठवलेली डिझाईन आणि कर भरल्याच्या पावत्या तपासल्या. सगळे चोख निघाले. पहिला मुद्दा मी खोडला.

मग महिला अंमलदाराने मला हे नाणे समजावून दिले. यातला प्रत्येक व्यवहार कुणालाही पाहता येतो. फक्त माणसाचे नाव दिसत नाही, त्याच्या पाकिटाचा पत्ता दिसतो. तिने बाईच्या पाकिटाचे सगळे व्यवहार छापून आणले. बाई नुसती नाणी घेत नव्हती, खर्चही करत होती. डिझाईनचे रंग भरून देणाऱ्या नाशिकच्या मुलीची मजुरी, परदेशी सॉफ्टवेअरचे भाडे, आणि मोबाइलचा रिचार्ज. हा रिचार्ज ती बाजाराच्या गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून करी. त्या दुकानदाराने काचेवर 'डिजिटल नाणी स्वीकारली जातील' असा कागद लावलेला होता. त्या काचेसमोरून माझी जीप शंभर वेळा गेली असेल. मला ती लॉटरीची जाहिरात वाटायची.

असे पाकीट दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडायचे तर बारा इंग्रजी शब्द क्रमाने टाकावे लागतात. पाकीट तयार करताना ते मिळतात आणि तीच त्याची किल्ली. म्हणून आता प्रश्न एकच उरला: हे शब्द कुणाला माहीत होते? घरातल्या प्रत्येकाचा जबाब वेगळा घेतला. नवऱ्याला शब्द असतात हेच माहीत नव्हते. दीर चिडला.

"मले माह्या एटीएमचा पिन याद राहत नाई, साहेब. हिचे बारा शब्द कुठून राहतीन?"

हे मला पटले. जबाबात स्वतःचाच मोबाइल क्रमांक सांगताना तो तीनदा चुकला होता.

तिसऱ्या दिवशी मी बाईला विचारले की शब्द ठेवले कुठे. तिने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवले. जाड प्लास्टिकमधले, ठळक अक्षरांचे, चारी कोपरे गोल कापलेले.

"कागद भिजू नये म्हून लॅमिनेशन केलं," ती म्हणाली. "आधार, रेशन कार्ड, सातबारा, सगळ्यायचंच केलं."

आमच्या जिल्ह्यात ही रीतच आहे. कागद महत्त्वाचा असला की तो प्लास्टिकमध्ये घालायचा. मी कार्ड उलटसुलट करून पाहिले. अक्षरे छापील होती.

"तुम्ही शब्द हाताने लिहिले होते ना?"

"हाव. पन बारीक होते. दुकानवाल्यानं मशीनवर मोठे करून देल्ले."

लेखनिक हवालदाराची लेखणी थांबली. त्यालाही कळले होते. बाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावला. लॅमिनेशन त्याच झेरॉक्सच्या दुकानात झाले होते.

त्या आठवड्यात मी दुकानावर धाड घातली नाही. संशय होता, पुरावा नव्हता. महिला अंमलदार रोज सकाळी चोरीच्या नाण्यांवर नजर ठेवत होती. नाणी एका नव्या पत्त्यावर पडून होती. नवव्या दिवशी त्यातला लहानसा भाग हलला आणि ज्या पत्त्यावर बाई रिचार्जचे पैसे देत असे, त्याच पत्त्यावर येऊन बसला.

त्याच दुपारी मी साध्या कपड्यांत विजेचे जुने बिल घेऊन दुकानात गेलो. मोठे करून लॅमिनेशन हवे म्हणालो. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने बिल स्कॅन केले, पडद्यावर मोठे केले, छापले, प्लास्टिकमध्ये घातले. मी विचारले, आता माझ्या बिलाची प्रत कुठे गेली?

"हे काय, अठीच आहे काका." त्याने संगणकातला कप्पा उघडून दाखवला. "मी काई काढून टाकत नाई. लोकं चार मैन्यानं हारवतात अन् मंग मलेच मांगतात."

तालुक्यातले निम्मे कागद त्या कप्प्यात असावेत. मी ओळखपत्र दाखवले. शेजारच्या चहावाल्याला आणि एका शिक्षकाला पंच म्हणून बोलावले आणि त्यांच्यासमोर कप्पा तपासला. बाईच्या हस्ताक्षरातल्या कागदाची प्रत सापडली. मग मी दोन छापील पाने त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली: एकावर रिचार्जचा पत्ता, दुसऱ्यावर चोरीच्या नाण्यांचा भाग आलेला पत्ता. दोन्ही एकच. आवाज चढवायची गरज पडली नाही. त्याने दोन्ही पत्त्यांवरून एकेक अक्षर करत बोट फिरवले.

"माह्यापाशी पन असंच पाकीट आहे, साहेब. शब्द पाह्यल्याबरोबर समजलं. लय दिवस हात नाई लावला."

ठाण्यात पुढची अडचण हवालदाराची. मुद्देमालाची नोंदवही उघडून त्याने विचारले, "साहेब, कार्डाले सील लावलं. नाण्यायले कुठं लावू?" मी न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाच्या परवानगीने नाणी वेगळ्या पाकिटात ठेवली आणि पुढे आदेशाने बाईला परत दिली. खर्च झालेला थोडा भाग दुकानदाराच्या घरच्यांनी भरून दिला.

नाणी परत द्यायच्या दिवशी मी सासू आणि दीर दोघांना मुद्दाम बोलावले. तक्रार खरी असल्याचे आणि पैसा बाईच्या कष्टाचा असल्याचे लेखी केले होते. ते उभे राहून वाचले. नवरा या वेळी आत आला आणि बायकोशेजारी बसला. सासूने तो कागद घेतला आणि घडी करून सुनेच्या हाती दिला. मग सुनेला म्हणाली, "मंग मशीन कवा आनतं?"

मशीन आले. आता त्यावर दोघी बसतात, असे ऐकतो.

या गुन्ह्याने मला एक सवय लावली. पैसा कोणत्या रूपात आहे यावरून मी माणसाला तोलत नाही. नाण्यात खोट नव्हती. खोट होती ती आपण ज्याच्या हाती बिनधास्त कागद देतो तिथे. आता वडनेर भोलजीत भाषांतर करणारी एक मुलगी आणि सुलतानपूरचा एक फोटोवाला असेच पैसे घेतात. भेटले की मी सांगतो: शब्द स्वतःच्या हाताने लिहा, दोन घरांत ठेवा, दुकानात नेऊ नका.

निवृत्त होताना माझ्या यादीतले एक काम राहून गेले. दुकानदाराच्या त्या कप्प्यात बारा शब्दांच्या आणखी एका कार्डाची प्रत होती. त्यावर नाव नव्हते, आणि ते कुणाचे हे दुकानदाराला आठवत नव्हते. शब्द टाकून पाकीट उघडून पाहू, व्यवहारांवरून मालक कळेल, असे महिला अंमलदाराने सुचवले. मी नको म्हणालो. मालकाला न विचारता कुलूप उघडायचे नव्हते. बाजारच्या दिवशी सूचना लावली, संगणक दुरुस्त करणाऱ्यांना विचारले, सोनाळ्याच्या बाईलाही विचारले. जिल्ह्यात कुठेतरी कुणाच्या तरी पाकिटाची किल्ली पोलिसांच्या मुद्देमालात आहे आणि त्याला त्याची खबर नाही. अजून मी दर बाजाराला चौकशी करतो. तो माणूस सापडायचा आहे.