कोरा क्रूस

दिल्लीत मयूर विहारहून मेट्रोत मी आणि माझे एक ज्येष्ठ स्नेही बरोबरच चढायचो. ऑफिसही एकच. त्यांचा उजवा हात मात्र कायम पँटच्या खिशात. एकेकाळी ऑफिसातल्या सगळ्या पाट्या, निरोपाची मानपत्रं त्यांच्याच हातची असायची. मग हात थरथरायला लागला. लिहा म्हटलं की म्हणायचे, "अब नहीं, यार. हात गेला." आणि उगाच हसायचे. मला ते हसणं बघवत नसे.

आमच्या सोसायटीत एक मराठी ख्रिस्ती जोडपं राहतं, माझ्या या स्नेह्यांच्याच चर्चमधलं. गेल्या हिवाळ्यात त्या जोडप्याची मुलगी जन्मल्यावर आठवड्याच्या आतच गेली. दफनाला मीही होतो. खड्डा तयार होता, पण लाकडी क्रूस कोराच. चर्चचे पाळक हळूच म्हणाले, "बाप्तिस्मा झाला नव्हता. नाव ठरलंच नाही. राहू द्या तसाच."

माझे स्नेही गाडीपाशी गेले. आत मुलीची आई बसली होती.

"पोरी, काय हाक मारणार होतीस तिला?"

ती म्हणाली, "रूथ."

त्यांनी चौकीदाराकडून पांढरा रंग आणि ब्रश मागून घेतला. हात खिशातून बाहेर काढला, डोळे मिटले. "प्रभू, हात तूच दिलायस. एवढं लिहून होईपर्यंत सोबत राहा."

थरथर काही थांबली नाही. तशाच हातानं त्यांनी दोन अक्षरं काढली, वेडीवाकडी, सगळ्यांसमोर.

बापानं ती मोठ्यानं वाचली, लेकीला हाक मारावी तशी. मग माती लोटली.