खरं बोलण्याचा धडा

एसटी लोटे गावातल्या केमिकल कंपन्यांजवळून जाताना खिडकीतून तो सडक्या अंड्यांसारखा वास आला, की मला नववीचा तो वर्ग आठवतो. मूल्यशिक्षणाचा तास होता आणि खरं बोलायला धैर्य लागतं, असं मी शिकवत होते. तेवढ्यात एक मुलगी उठली. तिचे वडील नुकतेच तिथल्याच एका कंपनीतल्या वायुगळतीत गेले होते. ती म्हणाली, "बाई, कंपनीची माणसं घरी आली होती. पप्पांना आधीपासून हार्टचा त्रास होता असं पोलिसांना सांगा, मुलाला कामावर घेतो, म्हणाली. पप्पांना काहीच त्रास नव्हता. आईनं काय सांगायचं?" मी विचारलं, "घरात कमावणारं दुसरं कोण आहे?" "कोणी नाही." "मग आई जे सांगेल, त्यात तिच्या पाठीशी उभी राहा." "बरं, बाई," म्हणून ती बसली. पुढच्या महिन्यात तिचा भाऊ कंपनीच्या बसने जाऊ लागला, त्याच प्लांटवर. तो धडा अजून मीच शिकवते. संपला की कुणाला काही शंका आहे का, असं न विचारता लगेच फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहायला घेते.