रुक्मिणीबाईचा फर्मा

२०१५ सालच्या दुष्काळात ऊसच उभा राहिला नाही, मग तोडायला कोण कुणाला नेणार? एरवी दिवाळी सरली की टोळीबरोबर कारखान्यावर जाणारी रुक्मिणीबाई त्या साली धारूरातच राहिली. नवरा सटवा बैलं घेऊन चारा छावणीवर मुक्कामाला गेला. रिकामं घर खायला उठायला लागलं, तशी ती सुतारांच्या सहकारी संस्थेच्या शेडवर जाऊन उभी राहिली.

“घासायचं काम द्या, आण्णा. हाताला काम नसलं की डोकं फिरतंय.”

आसारामआण्णा संस्थेचे चेअरमन. दुष्काळात दारं-खिडक्या कोण करून घेतंय? शेड ओस पडली होती. तेवढ्यात पुण्याचे गिटार बनवणारे सुंदरराव इलेक्ट्रिक गिटारींच्या लाकडी अंगांचं काम घेऊन आले होते, म्हणून आण्णांनी तिच्या हाती पॉलिश पेपर दिला.

काम नाजूक होतं. या गिटारीला एक दांडी असते. ती दाबली की सूर लवतो. त्यासाठी अंगात पुढून अरुंद खाच आणि मागून स्प्रिंगांसाठी रुंद खड्डा कोरायचा, अन् दोन्ही आत नेमके एकमेकांत उघडले पाहिजेत. आण्णांनी प्लायवूडचे दोन फर्मे, म्हणजे साचे, केले, एक पुढचा, एक मागचा. फर्मा लाकडावर चिकटवायचा आणि त्याच्या कडेनं लाकूड कोरायचं मशीन, राऊटर, फिरवायचा. पुढची खाच झकास आली. अंग उलटं करून मागचा खड्डा कोरला, तर तो बोटभर बाजूला! दुसऱ्या अंगाचंही तेच झालं.

आण्णांनी राऊटरचं बटण बंद केलं आणि तिथंच फळीवर बसले. “आपलं काम न्हाई हे. सुंदररावांना फोन करतो.”

रुक्मिणीबाईनं फुकट गेलेलं अंग उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

“आण्णा, मागचा फर्मा कशाच्या मापानं बसवता?”

“कडेवरनं.”

“कड तर मी घासलेली हाय. कुठं जास्ती, कुठं कमी. वाकळ शिवताना आमी आधी चार कोपऱ्यांत आरपार टाके घालतो. मग किती का उलटी करा, थर सरकत न्हाई.”

आण्णा उठले. गिटारीचा आकार आधी न कापता फळी चौकोनीच ठेवली. दोन्ही फर्मे एकावर एक धरून नंतर कापून टाकायच्या कोपऱ्यांत भोकं पाडली, तीच भोकं फळीतून आरपार नेली आणि त्यांत खुंट्या ठोकल्या. आता फळी कशीही उलटा, फर्मा जागचा हलत नव्हता.

“घ्या, तुमीच चालवा,” ते म्हणाले.

ती घाबरली. तिनं राऊटर एकदम खोल दाबला आणि लाकूड जळल्याचा वास सुटला.

“लई घाई न्हाई, बाई. थोडं थोडं खाऊ द्या त्याला.”

ती दम धरून पुन्हा लागली. भुस्सा कपाळावर, पापण्यांवर चिकटला. शेवटचा पापुद्रा सुटला आणि मागच्या खड्ड्यातून तिला पुढच्या खाचेतला उजेड दिसला. “जुळलं!” ती इतक्या मोठ्यांदा ओरडली, की रस्त्यावर टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी ठेवून शेडच्या दारात आल्या.

सुंदररावांनी सगळी अंगं पसंत केली. पुढच्या खेपेला ते तयार गिटार घेऊनच आले. छावणीवरून सटवाही आला होता. सुंदररावांनी तार छेडली आणि दांडी दाबली. सूर हळूच खाली लवला, पुन्हा वर आला.

“हे असं रडल्यावानी काहून वाजतंय?” सटवानं विचारलं.

“रडत न्हाई, लाडात येतंय,” रुक्मिणीबाई म्हणाली आणि स्वतः दांडी दाबून बघायला पुढं झाली.

संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. पुढच्या साली पाऊस झाला, ऊस वाढला, टोळी नेणारा मुकादम दारात आला. सटवानंच त्याला ओसरीवर बसवून सांगितलं, “आमी न्हाई येत औंदा. हिचं काम हाय.” रुक्मिणीबाई तेव्हा घरी नव्हती. त्या दिवशी टँकरची रांग सोडून दारात आलेल्या बायकांतल्या छबुबाईला शेडवर राऊटर कसा धरायचा, ते ती शिकवत होती.