समुद्राचे वरचे शेजारी

अरबी समुद्राची खरी काळजी वाहणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच, आणि तो समुद्रकाठी राहत नाही; अकोल्यात, जठारपेठेत, माझ्या शेजारी राहतो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. धंदा फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचा. समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता, पण मी पडलो भूगोलाचा मास्तर, त्यामुळे सकाळचा चहा पोटात जायच्या आत कुंपणावरून प्रश्न यायचा, "सर, आज भरती किती वाजता हाय?" मी हसलो की ते माझाच नकाशा माझ्यापुढे उलगडत. "हे पाहा, आपली मोर्णा नदी पूर्णेले भेटते, पूर्णा तापीले, तापी समुद्राले. मंग आपून समुद्राचे वरचे शेजारीच झालो ना?" चाचीचं माहेर शेंदूरजनाघाटचं. तिकडचं पाणी वर्धेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं, हे मी एकदा बोलून गेलो आणि पस्तावलो. तेव्हापासून भाजीत मीठ जास्त पडलं की चाचा मान हलवायचे, "तिचा समुद्रच येगळा हाय, सर." पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते हे कळल्यावर त्यांनी ते सगळे दिवस घरात मासा शिजू दिला नाही. आपला मासा गावच्या तलावातला, हे चाचीनं परोपरीनं सांगून पाहिलं. "बंदी म्हंजे बंदी," एवढंच उत्तर मिळालं.

ती वर्षं वाईट होती. कापसावर बोंडअळी, अळी मरेना म्हणून फवारणीवर फवारणी, आणि चाचांच्या दुकानापुढे पंपांची रांग. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हे मात्र प्रत्येक पंपवाल्याची उलटतपासणी घ्यायचे. "कुठं धुतला? नाल्यात? मंग घेऊन जाय. हे पानी तिकडं मासोळीच्या पोटात जाते!" शेतकरी आधीच वैतागलेला. तो म्हणे, "चाचा, इथं पीक मरून राह्यलं, अन् तुमाले मासोळीची पडली?" यावर चाचा नरमायचे, पंप घ्यायचे, पण धुतलेलं पाणी आपल्याच वावरात फवारीन, असं वदवून घेतल्याशिवाय परत द्यायचे नाहीत.

मग एकदा पेपरात आलं की तापीच्या मुखाशी समुद्र सांभाळायला समिती होते आहे. मच्छीमार, बोटवाले, मिठागरवाले, सरकारी साहेब, समुद्राशी ज्याचा ज्याचा संबंध तो प्रत्येक जण एकत्र बसणार. चाचांचं डोकंच फिरलं. "सगळे लिवले, वरचेच राह्यले! मले काहून नाई बोलावलं?" त्यांनी सांगायचं आणि मी हिंदीत लिहायचं, अशी पत्रांमागून पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. शेवटी इस्त्रीचा कुर्ता घालून चाचा स्वतःच निघाले आणि मलाही ओढून नेलं.

सभेत साहेबांनी विचारलं, "आप कौन से बंदरगाह से?" चाचा उभे राहून म्हणाले, "अकोला." सगळी सभा खो खो हसली. चाचांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं मीही तसाच हसत आलो होतो. तेवढ्यात मासे विकणारी एक म्हातारी बाई उठली. "हँसते क्यों हो? ऊपर से क्या आता है, कब से पूछ रहे हैं हम. आज ऊपर का आदमी खुद आया है. बैठो भाई, इधर." तिनं सरकून जागा दिली. चाचा बसले, आणि मग आमच्याकडे पंप कुठे धुतात ते सभेला सविस्तर सांगितलं. कोणी हसलं नाही. समितीच्या यादीत शेवटी 'वरची गावं' अशी एक ओळ वाढली.

संध्याकाळी समुद्र पाहायला गेलो तर नेमकी ओहोटी. पाणी लांब सरकलेलं, पुढे नुसता गाळ. मला ओशाळल्यासारखं झालं. "थांबू या चाचा, भरती येईल," मी म्हणालो. त्यांचं लक्षच नव्हतं. खाली वाकून त्यांनी मूठभर गाळ उचलला, बोटांत चोळला. "सर, हे तं आपली काळी माती हाय." गाळ कुठून कुठून येतो हे मी समजावून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. "किती जणायचं वावर इथं येऊन पडलं," ते हळूच म्हणाले.

ती माती त्यांनी रुमालात बांधली. ज्याची आहे त्याला परत देणार होते. कोणाची, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुकानातल्या फळीवर ती पुरचुंडी अजून तशीच आहे.