'ले' काढून 'ला'

ममता रामलाल आडे यांनी एकोणचाळिसाव्या वर्षी बारावीचा मराठीचा पेपर दिला, आणि तो बिघडवला मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्यांना हसायला नको.

मी सुनीती. बाभुळगावात तेवीस वर्षं मराठी शिकवते आणि माझ्या व्याकरणाचा मला फार गर्व. ममताबाई चार किलोमीटरवरच्या तांड्यावर अंगणवाडीत मदतनीस. तिथल्या सेविका जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. ममताबाई बारावी पास झाल्या तर ती जागा त्यांची, नाही तर बाहेरचं कोणी येणार. म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि संध्याकाळी माझ्याकडे यायला लागल्या.

घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, पेपरात पुस्तकी मराठी. पहिल्याच निबंधात 'मले माझ्या गावाचा अभिमान आहे' असं वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"ममताबाई, मले, तुले, त्याले पेपरात चालत नाही! शब्दाच्या शेवटी 'ले' दिसला की खोडा आणि 'ला' करा. डोळे मिटून करा."

"डोये मिटले तं दिसनच नाही ना मॅडम," त्या म्हणाल्या. मी हसले नाही. तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

तोंडी परीक्षेत त्यांनी परीक्षकांना तांड्यावरच्या एका लग्नाची अशी काही हकीकत ऐकवली की वीसपैकी अठरा मिळाले. पासाला पस्तीस लागतात. लेखीत सतरा आले की गंगेत घोडं न्हालं.

पेपराच्या दिवशी त्या वर्गात शिरल्या, तर सगळी पोरं उठून 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाली. त्यांनीही "बसा, बसा" म्हटलं आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मी गेटापाशी उभी होते. दोन वाजून दहा मिनिटांनी बाई हसत बाहेर आल्या.

"मॅडम, सारा पेपर सोडवला. आन् शेवटच्या दहा मिनिटात सारे 'ले' काढले. एक नाही ठेवला!"

"सारे म्हणजे?"

"सारे. 'मुले'चं 'मुला' केलं. 'फुले'चं 'फुला'. आईनं कष्ट 'केले' होते, ते 'केला' केलं."

"आणि 'लेखक' हा शब्द? त्याचं काय केलंत?"

"त्याले हात नाही लावला. तुमीच म्हणलं होतं, शेवटी असन तं. त्याचा 'ले' सुरुवातीले हाये."

म्हणजे लेखक तेवढा बचावला. बाकी निबंधभर मुला अंगणात खेळली आणि फुला तोडली. चांगलं लिहिलेलं त्यांनी माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या हातानं नासवलं होतं. मी कसंबसं "छान, छान" म्हटलं आणि त्यांना उसाचा रस पाजला.

त्यानंतर अडीच महिने माझ्या जिवाला चैन नव्हती. बाजारात कारले दिसले तरी धसका बसायचा. ममताबाई दर आठवड्याला यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या. मराठीचा विषय काढायच्या नाहीत. मला वाटायचं, बाई किती निर्धास्त आहे!

निकाल मोबाईलवर मीच आधी पाहिला. बाकी विषय पास. मराठी छत्तीस. मी ओरडलेच, आणि स्कुटी काढून थेट अंगणवाडी गाठली. ममताबाई खिचडीचं पातेलं घासत होत्या. पास झाल्याचं ऐकून त्यांनी राखेच्या हातांनीच माझे हात धरले.

मग मला राहवलं नाही. "ममताबाई, 'मुले'च बरोबर होतं. मी नियम अर्धवट सांगितला. जागा गेली असती तर ती माझ्यामुळे."

"मालूम हाये मले."

"कधीपासून?"

"पेपराच्याच दिवशी. गेटापाशी तुमचं तोंड पाह्यलं, तवाच समजलं का काही तरी उलटं झालं. घरी जाऊन पुस्तक पाह्यलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"कायले बोलू? रडाचं तं घरी रडली मी. तुमी रसाचा गिलास हातात धरून अशा थरथरून राह्यल्या होत्या, मले वाटलं, येवढी शिकलेली बाई, माह्यासाठी इथंच पडते का काय."