नवस झाकणारा मावसभाऊ

गेल्या गणपतीत, गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी, आरतीनंतर लगेच आमच्या मंडळाने माझ्या मावसभावाच्या शर्टावरचा स्वयंसेवकाचा बिल्ला सर्वांदेखत उतरवला. आरोप काय, तर हॅकिंग! मी लिहून देते, अख्ख्या डिलाईल रोडवर इतका प्रामाणिक घरफोड्या दुसरा नाही.

कुलूप दिसलं की याचे हात शिवशिवतात. चोरायला नव्हे, बंद असल्याचा नुसता आव आणणारं कुलूप त्याला बघवत नाही. शेजारच्या काकांच्या वायफायचा पासवर्ड त्याने एका फटक्यात ओळखला, आत शिरला आणि वायफायचं नाव 'काका, पासवर्ड बदला' असं ठेवून बाहेर आला. चाळभर मोबाइलवर तेच झळकलं. काका चवताळले, "मेल्या, आधी विचारायचंस तरी!" हा शांतपणे म्हणाला, "विचारलं की सगळे म्हणतात, आमचं कुलूप मजबूत आहे." दुसऱ्याच्या दारात विचारूनच शिरावं, हे मीही त्याला तोंडावर सुनावलंय. पण काकांचं फुकट नेट त्याने एक दिवसही वापरलं नाही, हेही सांगायलाच हवं.

तर मंडळाने वेबसाइटवर नवस नोंदवायची सोय काढली. स्वतःचा नवस नोंदवून याने त्या वेबपानाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा सहज एकाने कमी केला, तर आधीच्या भक्ताचा नवस नाव-फोनसकट समोर! ती भक्त म्हणजे माझी मावशी, याचीच आई; आणि लेकासाठी मालवणीत नवस: 'झिलाचो कॉम्प्युटर बंद पडांदे.' पुढचा एकही नवस न वाचता हा थेट सचिवांकडे धावला. "प्रसाद घे नि सूट," सचिव म्हणाले. मग हरवलेली पोरं आणि चपला पुकारतात तो माइक याने उचलला. "भक्तांनो, तुमचे नवस उघडे पडलेत! माझ्या आईचा मी स्वतः वाचला." गर्दीतून मावशी कडाडली, "मेल्या, देवाक सांगलेला वाचूक लाज नाय?" मांडव हसून लोटपोट, आणि सचिवांचा हात बिल्ल्यावर. दुसऱ्या सकाळी वेबसाइट गुपचूप दुरुस्त झाली. बिल्ला मात्र परत आला नाही.

विसर्जन मिरवणुकीत मूर्तीच्या ट्रॉलीच्या मागच्या डाव्या चाकाशी त्याची लहानपणापासूनची जागा. अनंत चतुर्दशीला तो गॅलरीत उभा होता. ट्रॉली नाक्यावर वळली तेव्हा हळूच म्हणाला, "चाक डुगडुगतंय गं. सांग ना कुणाला तरी, माझं ऐकणार नाहीत."

रविवारी मंडळाची सभा आहे. बिल्ल्याचा विषय मी काढणार. मंडळींनो, तुमचा नवस कुणी झाकला ते आठवा, आणि हात वर करा.